न अडखळता वाचलेला शेवट

बोंगसुनला संशय आला तो नवरा अडखळायचा थांबला म्हणून.

दालसू गुन्सान बंदरात जन्मभर क्रेन चालवलेला माणूस. शाळा तिसरीतच सुटलेली, त्यामुळे वर्तमानपत्राचा मथळासुद्धा ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत वाचायचा. बायकोच्या कादंबऱ्यांची त्याने आयुष्यभर टर उडवली. "ड्रॅगन पुस्तकात कशाला शोधतेस, घरात एक आहे की!" म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. पण पोटाच्या दुखण्याने तिने अंथरूण धरलं, ओळींवर नजर ठेवली की तिला मळमळायला लागलं, आणि नेमका तेव्हाच तिच्या लाडक्या 'सात घाट' कादंबरीमालेचा शेवटचा भाग आला. मग हाच बाबा प्योबाईंच्या भाड्याच्या पुस्तकांच्या दुकानात रांग लावून ते प्लास्टिकचं वेष्टण घातलेलं जाडजूड पुस्तक घेऊन आला.

पहिला भाग आला तेव्हा त्यांचा इन्हो शाळेत होता. आता तो मुलीचा बाप झाला होता. इतकी वर्षं बोंगसुन शेवटाची वाट पाहत होती. तिचा जीव कथेतल्या राजपुत्रात नव्हता, हेरानमध्ये होता. हेरान ही म्हातारी नावाडीण, तोंडाने फटकळ, पण अडल्यानडल्याला नदीचे सातही घाट पार करून देणारी. मेला लेखक महानिर्दय. वाचकाचा जीव कुणावर जडला की त्याला त्याने मारलंच म्हणून समजा. हेरान वाचते की नाही, एवढंच बोंगसुनला कळायला हवं होतं.

दालसू रोज दुपारी वाचायला बसायचा. "राज... राजपुत्राने तल... तलवार उप... उपसली."

"अहो, तुमची तलवार उपसेपर्यंत शत्रू जेवून आला असेल!" ती वैतागायची.

"मग तूच जा लढायला," तो म्हणायचा आणि बोट पुढच्या शब्दावर सरकवायचा.

शेवटचं प्रकरण मात्र तो सलग वाचत गेला. हेरानने सातवा घाट ओलांडला, होडी बांधून टाकली, काठावर घर केलं, परसात मुळे लावले, थंडीच्या तोंडावर किमचीचे रांजण भरले आणि पुढे पुष्कळ वर्षं सुखाने जगली.

"संपलं?" बोंगसुनने विचारलं.

"संपलं. बरं झालं ना म्हातारीचं?"

"हो, बरं झालं," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. ते पुसता पुसताच तिच्या मनात पाल चुकचुकली. ड्रॅगनच्या मुलखात आपलं घरचं लोणचं, किमची, कुठून आली? तिथली माणसं आजवर पाव आणि भाजलेलं हरीण खाऊन जगत होती! आणि एवढं मोठं प्रकरण झालं, पण पान उलटल्याचा आवाज कसा नाही आला?

दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या आधीच दालसू पुस्तक परत करून आला. शेजाऱ्याची शिडी दोन वर्षं दाबून ठेवणाऱ्या माणसाला एकाएकी कसली घाई? दिवसभर ती त्याच्याकडे चोरून पाहत राहिली. हेरान जगली हे खोटं मानायला मन धजत नव्हतं आणि खरं मानलं तर घशाखाली उतरत नव्हतं. एवढ्यासाठी का इतकी वर्षं थांबले, असंही वाटत होतं. इतका गुळमुळीत शेवट!

दालसू सार्वजनिक हमामात आंघोळीला गेला तशी ती उठली. भिंतीचा आधार घेत, थांबत थांबत दुकानात पोहोचली.

"अगंबाई, ताई! उठलात कशाला?" प्योबाईंनी लगबगीने स्टूल पुढे केलं. "रडलात ना? सगळे शिव्या घालत परत आणतायत. लेखकाच्या दारात जाऊन बसायचं म्हणतायत."

"कशापायी?"

"हेरानला मारलं म्हणून! भाऊजींनी वाचून नाही दाखवलं? अहो, पुस्तक न्यायला आले तेव्हा इथेच उभ्या उभ्या आधी शेवट वाचला त्यांनी. डोळे पुसत होते. मी थट्टा केली, तर हसलेसुद्धा नाहीत."

बोंगसुनने पुस्तक पुन्हा भाड्याने घेतलं. परतताना तिला आधी लेखकाचा राग आला, मग नवऱ्याचा आला. कोपऱ्यावर येईपर्यंत दोन्ही राग मावळले, कारण तिला जोन्जू शहरातलं मोठं इस्पितळ आठवलं. डॉक्टरांनी तिला बाहेर बसवून दालसूला एकट्याला आत बोलावलं होतं. बसमध्ये तो आपणहून म्हणाला होता, "जठराला नुसती सूज आहे, दोन महिने औषध घ्यायचं, पानं लाल झाली की आपण नेजांगसानच्या डोंगरावर जाऊ." एरवी चार शब्दांत दिवस काढणारा माणूस! आणि तेव्हाही कुठे अडखळला नव्हता.

ती घरी पोहोचली तेव्हा दालसू तिच्यासाठी पेज ढवळत होता. पुस्तक पाहून त्याचा हात थांबला.

"इन्होची आई, हे परत कशाला आणलंस?"

"शेवट ऐकायचाय."

"ऐकलास की."

"तो तुमचा होता. किमची जरा जास्त झाली, पण मला आवडला. खरंच आवडला." ती त्याच्यासमोर टेकली. "आता लेखकाचा वाचा. आणि तो झाला की डॉक्टर काय म्हणाले ते सांगा. या वेळी अडखळत."

दालसूने गॅस बंद केला. मग हात पुसले, पुस्तक मांडीवर घेतलं, शेवटचं प्रकरण काढलं आणि पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं.

"हे... हेरानने व... वल्हं खा... खाली ठे..."

बोंगसुनने या वेळी घाई केली नाही.