बालवाडीखालचा उतार

समुद्रतळावरच्या यंत्राचं उत्तर आलं आणि सोल्वी जहाजावरच्या पडद्याकडे वाकली. जहाजाने खाली हाक द्यायची, यंत्राने ओ द्यायची. ओ यायला लागलेल्या वेळेवरून अंतर कळतं, ती कुठून आली त्यावरून दिशा. शरदात तिनेच हे यंत्र किनाऱ्याखालच्या चिखलाच्या उतारावर ठेवलं होतं. आज ते वीसेक मीटर खाली, जहाजाकडे सरकलेलं दिसत होतं. म्हणजे उतार घसरतोय. त्याच्या माथ्यावरच बालवाडी होती आणि तिथे तिची लेक इल्वा.

यंत्राची बॅटरी संपत आली होती, तरी तिचा हात पुन्हा बटणाकडे गेला.

"सकाळपासून बालवाडीला फोन, आता याच्यामागे लागलीस," कप्तान टोर्लाइफ म्हणाला. "एकालाही श्वास घेऊ देत नाहीस बघ."

पण गावाला कळवायला तोही कचरत होता. मागे एकदा खोट्या भीतीने गाव घरं सोडून हललं होतं. पुन्हा कोण हलणार?

सोल्वी डेकवर गेली. लाटेचे तुषार तोंडावर आले. तिने ओठ चाटले. खारट लागलं नाही.

डोंगरावरचा बर्फ वितळून नदी फ्योर्डात, डोंगरांमधल्या या चिंचोळ्या खाडीत, उतरली होती. वर गोडं पाणी, खाली खारं. खाऱ्या पाण्यात आवाज जास्त वेगाने धावतो. दर वेळी मोजणीआधी तळापर्यंत मोजणीची नळी सोडून तो वेग बघायचा असतो. आज घाईत तिनेच ते राहू दे म्हटलं होतं आणि जहाजाच्या बुडाशी, गोड्या पाण्यात मिळालेला कमी वेग सगळ्या पाण्याला लावला होता. म्हणूनच यंत्र जवळ दिसत असेल. की खरंच सरकलंय?

"आता हाक नको. आधी पाणी मोजू," ती आत येऊन म्हणाली.

"आणि तोवर घसरलं तर?"

सोल्वीने नळी उचलली. "तू गावाला कळव. मुलांना वर चर्चकडे न्या म्हणावं. खोटं ठरलं तर माझं नाव सांग."

टोर्लाइफने फोन उचलला. नळी तळापर्यंत जाऊन आली, नवे आकडे यंत्रणेत भरले, मग तिने हाक दिली. ओ आली, अगदी क्षीण. यंत्र शरदातल्या खुणेवरच होतं.

ती खुर्चीत बसली. मग बालवाडीच्या गुन्व्होरला फोन लावून उतार जागेवरच असल्याचं सांगितलं. इथल्या रीतीप्रमाणे बाहेर बाबागाड्यांत झोपलेली पोरं गाड्यांसकट वर नेली होती. इल्वाला जागही आली नव्हती.

"उद्या सगळं गाव तुला हसणार," गुन्व्होर म्हणाली.

"हसू दे. अजून थोडा वेळ तिथेच थांबा," सोल्वी म्हणाली, आणि खात्रीसाठी पुन्हा एकदा नळी सोडायला उठली.