शेंड्यावर पडलेला घाव

मित्रांनो, मी एक जुना कोयता आहे. कुडाच्या भिंतीत खोचलेला, मूठ सैल झालेला. माझी गोष्ट ऐकून तुम्ही मला शाबासकी द्यावी असं फार वाटतं. पण खरं सांगायचं तर मला माझीच लाज वाटते.

बदलापूर गावातल्या जनू लोहाराने मला बैलगाडीच्या चाकाच्या जुन्या लोखंडी धावेतून घडवलं. डोंगरातल्या वाडीवरचे देऊबाबा मला घेऊन गेले. आमचं काम राबाचं. भाताची रोपं करायची जागा आधी भाजावी लागते; त्यासाठी ऐनाच्या फांद्या तोडायच्या, वाळवायच्या आणि तिथे पसरून पेटवायच्या. देऊबाबा झाडावर चढत, बाजूच्या फांद्या घेत आणि वरचा शेंडा राखत. मुलाला, गोमाला, ते दरवर्षी बजावत, "शेंड्याला हात नको लावू. तो झाडाचा हाय." शेंडा राहिला की झाड पुन्हा फुटायचं. त्या ऐनांच्या मुळाशी वाडीचा झरा होता, बारमाही.

पुढे देऊबाबा गेले. फाळणीनंतर उल्हासनगरच्या छावणीत हजारो कुटुंबं राहायला आली, अंबरनाथची वस्तीही वाढली. तांदूळ कितीही नेला तरी पुरेना. गोमाने उतारावर नवी खाचरं काढली. त्यात वाईट काही नव्हतं. त्याचं घर गळत होतं. पण जास्त रोपांना राबही जास्त लागतो. बाजूच्या फांद्या कमी पडल्या. एका सकाळी गोमा शेंड्यापाशी येऊन थबकला. "एका सालानं काय व्हतंय," असं स्वतःशीच म्हणाला आणि त्याने मला उगारलं.

मी तेव्हा तरी निसटायला हवं होतं. मूठ सैल व्हायला काय हरकत होती? उलट मी एका घावात शेंडा पाडला आणि वर मिजाशीत चमकलो.

त्या वर्षी घरावर कौलं चढली. गोमाने उल्हासनगरच्या बाजारातून बायकोसाठी, नवसीसाठी, पितळेचा हंडा आणला. सगळ्या वाडीने तो हातात घेऊन पाहिला. ते एक साल मग तीन सालं चाललं. ऐन उभ्याउभ्या वाळले. पावसाळ्यात उताराची माती वाहून गेली, खाचरांत दगडगोटे येऊन बसले. चौथ्या वर्षी चैत्रातच झरा आटला.

त्या दिवशी नवसी रिकामा हंडा घेऊन परतली. तिने आदळआपट केली नाही. उंबऱ्यात बसून एवढंच म्हणाली, "भात घरात आला, पन पानी पार बारवी नदीवर गेला." गोमाने मान खाली घातली आणि मला भिंतीत खोचलं.

आता तो मला वर्षातून एकदाच काढतो. झऱ्याच्या जागी एका बुंध्याला फुटवा आलाय, त्याला कुंपण करायला आम्ही काटेरी फांद्या तोडतो. फुटवा कमरेएवढा झालाय. पाणी अजून आलेलं नाही.

मित्रांनो, शेत वाढवा, तुमच्या घरावरही कौलं येऊ देत. फक्त झाडाचा वाटा झाडाला ठेवा. मी तो ठेवला नाही. रोज सकाळी नवसी माझ्या शेजारचा तो हंडा उचलते आणि कोसभर लांब नदीवर जाते. ती माझ्याकडे बघतसुद्धा नाही. ती परत येईपर्यंत मी त्या हंड्याच्या रिकाम्या जागेकडे बघत राहतो.