सोळा सॅका, पंधरा मुलं

मी एक जुनी सॅक आहे. रंग एके काळी निळा होता. आता त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच बघून ठरवा. मित्रांनो, सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. मी भित्री आहे. डोंगरदऱ्या तुडवलेल्या सॅकने असं म्हणू नये हे मला कळतं, पण खोटं बोलून मला काय मिळणार? ज्या दिवसाची गोष्ट मी सांगणार आहे, तो आठवला की अजून माझ्या शिवणी ताठ होतात.

माझी भीती जन्मापासूनची. कारखान्यात लांबलचक टेबलावर माझं कापड पसरलं होतं आणि समोरून भली मोठी कात्री चालत आली. संपलं आपलं, असं मला वाटलं; ती तर सुरुवात निघाली. मग मशीनची सुई, मग चेनचे दात. शेवटी तपासणाऱ्या बाई आल्या. त्यांनी माझ्यात वाळूच्या पिशव्या भरल्या आणि दिवसभर मला हुकाला लटकवून ठेवलं. संध्याकाळी एकही टाका उसवलेला नव्हता, तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. माझ्या वाट्याला आलेलं ते पहिलं कौतुक.

मला विकत घेतलं भिंगरीच्या मामाने. भिंगरी तेव्हा जन्मलीही नव्हती. मामा डोंगरात एकटाच हिंडायचा, आणि सोबतीला कोणी नसलं की माणूस सॅकशीसुद्धा गप्पा मारतो. कड्याच्या टोकाशी उभा राहून तो खाली वाकून बघायचा. मी पाठीवर, मग मलाही बघावं लागायचं. माझे पट्टे कुरकुरले की तो हसायचा आणि म्हणायचा, भित्यापाठी ब्रह्मराक्षस! दहा वर्षं त्याने मला अशी घाबरवत फिरवली. मग त्याचा गुडघा कामातून गेला आणि मी दाराआडच्या खिळ्याला अडकले.

त्या खिळ्यावर मी नऊ वर्षं काढली. पोटात जुन्या वर्तमानपत्रांचे बोळे, तोंड भिंतीकडे. दार उघडलं की वाटायचं, आता आपल्याला काढतील. दार बंद व्हायचं. कड्याची भीती वेगळी आणि विसरलं जाण्याची भीती वेगळी, मित्रांनो. दुसरी हळूहळू खाते.

मग एका उन्हाळ्यात भिंगरीने मला खाली ओढलं. ही मामाच्या बहिणीची मुलगी, पंधरा वर्षांची. एका जागी दोन मिनिटं टिकायची नाही म्हणून घरात सगळे तिला भिंगरी म्हणत. तिच्या शाळेतली सोळा मुलं सुट्टीत परदेशी जाणार होती. तिथल्या एका डोंगराळ गावातल्या शाळेला पाण्याची टाकी बांधून द्यायची आणि मग चार दिवस डोंगरातून चालायचं, असा बेत होता. मी तिच्या पाठीवर चढले तर मागून नुसती सॅकच चालताना दिसायची. मामा म्हणाला, नाकापेक्षा मोती जड.

भिंगरीची आई कपडे दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती. तिने होकार दिला खरा, पण पोरगी एकटी इतक्या लांब जाणार ह्याची तिला काळजी होती. तिने मला मांडीवर घेतलं आणि माझी एकेक शिवण चाचपली. माझ्या एका पट्ट्याचं टोक झिजून बारीक झालं होतं, त्यामुळे पट्टा बकलातून सारखा निसटायचा. आईने बटणांच्या डब्यातून जुन्या गणवेशाच्या कोटाचं जाडजूड पितळी बटण शोधलं, मेण लावलेल्या दुहेरी दोऱ्याने पट्ट्याच्या टोकाला शिवलं आणि दोरा दाताने तोडला. आता पट्टा काही केल्या निसटणार नव्हता.

भिंगरीला ते बघून मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळे हसतील, आई, म्हणून तिने तोंड फुगवलं. आणि हसलेच सगळे! बाकीच्या सॅका कोऱ्या करकरीत, आणि मी ही अशी, वर पितळी बटण. मुलांनी माझं नाव ठेवलं हवालदारीण. विमानात भिंगरीने नखाने तो दोरा उसवायचा बराच खटाटोप केला. पण आईचा टाका तो. तो हलला नाही.

आता ह्या गोष्टीतल्या आणखी तिघांची ओळख करून देते. मुलांबरोबर दोन मोठी माणसं होती. एक ताई, सहलीची सगळी व्यवस्था बघणारी, आणि दुसरे शाळेतले खेळाचे सर. सर भले गृहस्थ. कोणाच्या पायाला फोड आला तर स्वतः बसून पट्टी बांधायचे. तिसरी भिंगरीची मैत्रीण चष्मेवाली. तिला गाडी लागायची, त्यामुळे वळणाचा रस्ता म्हटलं की ती गोळी घेऊन पुढच्या सीटवर झोपून जायची.

पहिल्या दिवशी विमानतळावर सरांनी मुलं मोजली. एकदा पंधरा भरली, एकदा सतरा. कोणी पाणी प्यायला पळतंय, कोणी फोटो काढतंय. सर घामाघूम झाले. मग त्यांनी एक युक्ती काढली. पांढऱ्या रंगाने सगळ्या सॅकांवर आकडे घातले. मी अकरा नंबर. तेव्हापासून ते सॅका मोजायला लागले. सर म्हणायचे, "पोरं पळतात, सॅका पळत नाहीत. सॅक आली म्हणजे माणूस आलं." मुलांना ते फार आवडलं. दोन आठवडे टाकीच्या कामावर जाता-येता हीच मोजणी चालली आणि एकदाही चुकली नाही. मीसुद्धा मान ताठ करून मोजून घ्यायचे.

टाकी पूर्ण झाली आणि डोंगरातली चाल सुरू झाली. चौथ्या दिवशी दुपारी आम्ही एका पठारावर पोचलो. तिथे कच्चा रस्ता संपत होता आणि दोन गाड्या आम्हाला न्यायला उभ्या होत्या. पठाराच्या कडेला दगडांची बुटकी भिंत होती, बऱ्याच ठिकाणी ढासळलेली. भिंतीपलीकडे चाळीसेक पावलं गवत, आणि मग काहीच नाही. खाली दरी. ताईने सगळ्यांना बजावलं की भिंत ओलांडायची नाही. भिंगरी मला भिंतीला टेकवून डबा खात होती आणि मला ढासळलेल्या फटीतून ती दरी दिसत होती. माझी काय अवस्था झाली असेल ते सांगायला नको.

डबे संपता संपता धुकं आलं. आलं म्हणजे काय, अर्ध्या तासात समोरची गाडी दिसेनाशी झाली. सगळ्यांची धांदल उडाली. ताई आठ मुलांना घेऊन पहिल्या गाडीतून निघाली. मागे सर आणि आठ मुलं राहिली, आणि पहिल्या गाडीत जागा नव्हती म्हणून सोळाच्या सोळा सॅका आमच्या गाडीच्या टपावर चढत होत्या. नेमकं तेव्हा भिंगरीला आडोशाला जायचं होतं. ताई गेली होती. सरांना सांगायची तिला लाज वाटली. तिने मला चष्मेवालीच्या हातात दिलं आणि हळूच म्हणाली, "हिला वर टाक, मी दोन मिनिटांत आले." तिचा कोट माझ्याच पोटात राहिला.

चष्मेवालीने मला ड्रायव्हरकडे दिलं, गोळी घेतली आणि पुढे जाऊन बसली. तिला वाटलं, भिंगरी मागे बसेल. मागच्यांना वाटलं, ती मैत्रिणीबरोबर पुढे बसली. सर गाडीच्या पायरीवर चढले आणि त्यांनी सॅका मोजल्या. माझ्यावर त्यांचं बोट आलं. अकरा. पुढे बारा, तेरा, चौदा, पंधरा, सोळा. सगळे आले, असं म्हणून त्यांनी दार ओढून घेतलं.

मित्रांनो, मला तोंड असतं तर त्या दिवशी मी तो डोंगर डोक्यावर घेतला असता. ती आली नाहीये! अहो, ती आली नाहीये! पण सॅकला कुठलं तोंड? गाडी हलली. एक वळण झालं, दुसरं झालं. मी दोरात जखडलेली, आणि वळणागणिक ती माझ्यापासून लांब जात होती. अंगात पातळ सदरा, भोवती धुकं, आणि ती ढासळलेली भिंत. इतकी भीती मला मामाच्या एकाही कड्यावर वाटली नव्हती. आणि सगळ्यात वाईट हे वाटत होतं की सोळा ह्या आकड्याचं खोटं माझ्यामुळे खरं ठरलं होतं.

तिसऱ्या वळणावर गाडी कलली आणि माझा पट्टा दोराखालून सुटून खाली लोंबला. त्याच्या टोकाला ते बटण. ते ड्रायव्हरच्या काचेवर जाऊन आदळलं. टक. पुन्हा टक. ड्रायव्हर तिकडचाच, त्याची भाषा आमच्यातल्या कोणाला येत नव्हती. त्याने वैतागून गाडी थांबवली, उतरून पट्टा दोराखाली खोचला आणि पुन्हा गाडी चालू केली. माझी शेवटची आशाही गेली असं मला वाटलं. पण चौथ्या वळणावर गाडीने असा काही हिसका दिला की पट्टा पुन्हा खाली आला. टक, टक, टक. बटण जड नसतं तर पट्टा नुसता वाऱ्यावर फडफडला असता. टाका कच्चा असता तर बटण पहिल्या फटक्यालाच गळालं असतं.

ह्या वेळी ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. त्याने माझ्यावरचा आकडा बघितला, मग मागचं दार उघडून सरांना आधी दहा बोटं दाखवली आणि मग एक. सर हसत म्हणाले, "अकरा नंबर, उतर खाली. तुझी हवालदारीण नीट बांध."

कोणी उतरलं नाही.

सरांनी पुन्हा हाक मारली. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. पुढे झोपलेल्या चष्मेवालीला हलवलं, ती डोळे चोळत म्हणाली, भिंगरी मागे आहे ना? तेवढ्या एका प्रश्नाने सरांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. मी वरून बघत होते. त्यांनी ड्रायव्हरला हातानेच गाडी मागे वळवायची खूण केली.

त्या अरुंद रस्त्यावर गाडी कशी वळली ते ड्रायव्हरलाच माहीत. प्रत्येक वळणावर तो लांबलचक हॉर्न देत होता. पठारावर पोचलो तेव्हा धुकं इतकं दाट होतं की गाडीच्या दिव्यांनी नुसता पांढरेपणा उजळला. सरांनी हाका मारल्या. मुलांनी मारल्या. उत्तरादाखल कुठून तरी पाणी पडल्याचा आवाज येत होता, बाकी काही नाही. मग ड्रायव्हरने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं, पुन्हा एकदा हॉर्न दिला आणि कान लावला. तेव्हा अगदी बारीक आवाज आला. तो भिंतीच्या पलीकडून आला.

ड्रायव्हरने आम्हाला बांधलेला दोर सोडला. त्याचं एक टोक गाडीला बांधलं, दुसरं स्वतःच्या कमरेला, आणि मधला दोर सरांच्या हातात दिला. तो भिंत ओलांडून धुक्यात शिरला आणि दिसेनासा झाला. सर दोर सोडत होते. चाळीस पावलं असतात किती, मित्रांनो? त्या दिवशी ती संपता संपत नव्हती.

तो परत आला तेव्हा भिंगरी त्याच्या बगलेत होती. ओली चिंब, दात वाजत होते. कोणीतरी मला खाली ओढून माझ्या पोटातला कोट काढला आणि तिला घातला. ती मला घट्ट धरून बसली आणि मग तिला कंठ फुटला. ती आडोशाहून आली तेव्हा गाडी वळणापार गेलेली होती. ती ओरडली, धावली. मग तिला गाडीची घरघर ऐकू आली म्हणून ती त्या आवाजाच्या रोखाने चालत सुटली. ती घरघर गाडीची नव्हती. दरीत पडणाऱ्या पाण्याची होती. भिंत कधी ओलांडली ते तिला कळलंही नाही. "हॉर्न पाठीमागून आला, म्हणून थांबले," ती म्हणाली. "पाय उचलला होता, सर. खाली जमीनच नव्हती."

सर तिच्यासमोर चिखलात बसले. "मी सॅका मोजल्या गं," ते म्हणाले. "तुला मोजलंच नाही." आणि सगळ्या मुलांदेखत ते रडले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः खरवडून सोळाही आकडे काढले. माझ्या पाठीवर अजून त्याचा पांढुरका डाग आहे. त्यानंतर निघण्याआधी प्रत्येकाने शेजारच्याचा हात धरून त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं, असं ठरलं. वेळ लागायचा, पण कोणी कुरकुर केली नाही. घरी फोन करून सगळं सांगतो, असंही सर म्हणाले. भिंगरीने त्यांना थांबवलं, मीच सांगेन म्हणाली.

घरी आल्यावर तिने सांगितलं मात्र नाही. आई घाबरेल म्हणून टाळत राहिली. पण आईने मला धुवायला घेतलं आणि तिचा हात बटणावर थांबला. पितळेला एका बाजूने पोचे पडले होते. आईने विचारलं, "हे कशावर आपटलं गं एवढं?" भिंगरी दाराशी उभी होती. तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि एकदम आईच्या गळ्यात पडून रडायला लागली. आईने सगळं ऐकून घेतलं. मग तिने सुईत दोरा ओवला आणि बटणावर आणखी चार टाके घातले. चारही टाके सरळ आले.

मित्रांनो, आम्हाला जपा असं सगळ्याच जुन्या वस्तू सांगतात. मीही सांगते, फाटलं तर शिवा, भिजलं तर वाळवा. पण माझी खरी विनंती वेगळी आहे. तुम्ही कधी जत्थ्याने लांब जाल, निघायची घाई होईल, कोणीतरी म्हणेल की सामान आलं, चला. तेव्हा सामानाकडे बघू नका. शेजारच्याचा चेहरा बघा, त्याचा हात धरा, त्याला नावाने हाक मारा. आणि त्या गडबडीत सॅक मागे राहिलीच, तर राहू द्या. मी बसेन वाट बघत. नऊ वर्षं खिळ्यावर काढली आहेत मी, मला त्याची सवय आहे.