खाडी आणि शेताच्या मधली झडप

ऐकलात हा खडखडाट? तो माझाच. मित्रांनो, मी खाडीच्या बांधात बसवलेली एक जुनी लाकडी झडप आहे, आणि स्वस्थ बसणे माझ्या नशिबी नाही. एका अंगाने खाडी ढकलते, दुसऱ्या अंगाने शेत.

सुताराने जाड फळ्या जोडून मला घडवले, अंगाला डांबर फासले आणि दोन दगडी खाचांमध्ये उभे केले. साखळी ओढली की मी वर जाते, सोडली की खाली येते. शेतात भात असते तेव्हा भरतीचे खारे पाणी मी बाहेर अडवते. कापणी झाली की मला उचलतात, खाडी आत येते आणि त्याच शेताचे कोळंबीचे तळे होते. भात दादाचे, कोळंबी त्याच्या धाकट्या बहिणीची. जमीन एकच, पण सरकारी अनुदाने दोन: भाताला शेतीखात्याचे, कोळंबीला मत्स्यखात्याचे.

सुरुवातीला माझे फार कौतुक होते. "हिच्यामुळे दोन घरं चालतात," असे दादा पाहुण्यांना सांगायचा. मग पाहण्या सुरू झाल्या. शेतीखात्याच्या साहेबांना फोटोत खारे पाणी खपत नसे, मत्स्यखात्याच्या मॅडमना पाण्याशिवाय चालत नसे. दोघेही येत आपल्या सवडीने, भरतीच्या नव्हे. मग रस्त्यावर धूळ उडाली की माझी तारांबळ.

"मॅडमची गाडी! उचल, उचल!"

"अगं, साहेबांची आहे ती! सोड!"

या धांदलीत मला डांबर लावायचे मात्र राहून जाई.

त्या वर्षी कापणी तोंडावर आली होती. भात ओंब्यांनी वाकले होते. अशात मॅडम अवचित आल्या, आणि पाठोपाठ साहेबही.

"तळं कुठंय?" मॅडमनी विचारले.

"कापणी झाली की होईल ना, मॅडम," बहीण म्हणाली.

"मला फोटो आजचा लागतो. पाणी नसेल, तर यंदा अनुदानाच्या यादीतून नाव कमी करावं लागेल."

बहिणीने तळ्यात सोडायचे कोळंबीचे बी, म्हणजे बारीक पिल्ले, आधीच सांगून ठेवले होते. तिने दादाकडे पाहिले. तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता.

"कडेच्या वाफ्यापुरतं घेते, दादा. फोटो झाला की लगेच सोडते."

"भरती चढतेय गं."

"मला दिसत नाही का?"

"दिसतंय ना? मग बघ बाई तुझं तू."

तिने साखळी ओढली. मी वर गेले, पाणी आत घुसले, फोटो निघाला. तिने साखळी सोडली, पण मी खाली येईना. डांबराविना माझे लाकूड फुगले होते, खाचांत शिंपले धरले होते. कडेचा वाफा भरला. पाणी पुढच्या वाफ्यात शिरले. मला खाली दाबायला दादा माझ्या माथ्यावर चढून नाचू लागला, बहीणही चढली.

"साहेब, तुम्ही पण या की!" दादा ओरडला.

"पण ही झडप आमच्या योजनेत बसत नाही."

"योजनेचं राहू द्या हो, हिच्यावर उभे राहा!"

साहेब बुटांसकट चढले. मॅडमनी मोबाइल तोंडात धरला आणि त्याही चढल्या. दोन्ही खाती पहिल्यांदाच एका फळीवर आली, तेव्हा कुठे मी करकरत खाली बसले.

ओहोटीला शेतातले पाणी काढले, पण सखल वाफ्यांतले भात पिवळे पडले ते पडलेच. बहीण तिथे एकटी फिरत होती. मग तिने बांधावरूनच मॅडमना फोन लावला.

"मॅडम, तो फोटो लावू नका. पाणी कापणीनंतर येईल, तेव्हा या. नाही जमलं, तर करा नाव कमी."

फोन ठेवून तिने कोयता घेतला आणि खाचांतले शिंपले खरवडायला बसली. दादाने डांबर तापवायला ठेवले.

मित्रांनो, योजनांमध्ये बियाणे आहे, खत आहे, कोळंबीचे खाद्य आहे. या सगळ्याला जी सांभाळते, तिच्यासाठी रकाना कुठेच नाही. तुमच्याही घरात असे काहीतरी मध्ये उभे असेल. ते अडकण्याआधी त्याच्या अंगावरून एकदा हात फिरवा. आणि साखळी ओढताना पाण्याकडे बघा, गाडीकडे नको.

बहिणीचे नाव राहिले की गेले, ते अजून कळलेले नाही. भरती पुन्हा चढते आहे. मी खडखडते आहे, पण जागेवर आहे.