वागदरीचा बंद खोका

विजयमालाचं पहिलं कार्ड अकराशे रुपयांना गेलं आणि दुसरं नव्वदला. दोन्हींवर एकच खेळाडू होता, एकच फटका मारतानाचा एकच फोटो, मागं छापलेल्या धावाही तेवढ्याच. दोन्हींचे कोपरे तिनं स्वतः बोटानं चाचपून पाहिले होते. फरक एवढाच, की पहिलं कार्ड तिनं शनिवारी विकायला काढलं होतं आणि दुसरं त्याच्या पुढच्या शनिवारी.

दुसरी कुणी असती तर नशीब म्हणून गप्प बसली असती. विजयमालाला ते जमण्यासारखं नव्हतं. अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्यात ती एकोणीस वर्षं चेकिंगला होती. टेबलावर टॉवेल पसरायचा, त्यावरनं दोन्ही तळहात फिरवायचे, आणि तुटलेला धागा, तेलाचा डाग, वाकडी किनार सापडली की टॉवेल 'सेकंड'च्या ढिगात टाकायचा. दिवसाला आठशे-नऊशे नग तिच्या हाताखालून जात. तिथं चांगल्या मालाला एक भाव होता आणि सेकंडला एक. सारख्या दोन वस्तूंचे दोन भाव तिनं कधी बघितले नव्हते.

परदेशातल्या ऑर्डरी कमी झाल्या आणि कारखाना आठवड्यातले चारच दिवस चालू लागला. उरलेले तीन दिवस ती कुंभारीच्या घरी बसून असायची. त्याच सुमारास नातेपुत्याला जेसीबी चालवणाऱ्या तिच्या भावानं, बिरुदेवानं, घर आवरताना सापडलेली एक पिशवी तिच्याकडं पाठवून दिली. पिशवीत त्याच्या लहानपणीची क्रिकेटची कार्डं होती. बबलगमच्या पुडीत मिळायची ती. टाकून दे नाहीतर कुणाला तरी दे, असा त्याचा निरोप होता. तिनं फोनवर शोधलं तेव्हा असली कार्डं लिलावानं विकत घेणाऱ्यांचा एक ग्रुपच निघाला. सगळे चाळिशीच्या आसपासचे, नोकरी-धंद्याला लागलेले पुरुष. कार्डाचा फोटो टाकायचा, लिलाव बंद व्हायची वेळ सांगायची आणि खाली लोक बोली लावत जायचे.

तिचा नवरा धुळाप्पा मालवाहू टेम्पो चालवायचा. अकराशे आणि नव्वदची गोष्ट ऐकून तो म्हणाला की हा मटकाच झाला, यात डोकं घालू नये. विजयमालानं ऐकून घेतलं आणि दोन महिने एकही कार्ड न विकता नुसता तो ग्रुप बघितला.

बघता बघता तिला बरंच उमगलं. तिचं पहिलं कार्ड ज्या शनिवारी गेलं त्याच्या आदल्या दिवशी तो खेळाडू टीव्हीवर समालोचन करायला बसला होता. शिवाय त्याच वेळी नाशिकचा एक आणि बडोद्याचा एक, अशा दोघांना आपला संच पुरा करायला तेच एक कार्ड हवं होतं. पुढच्या शनिवारी नाशिकवाल्याची गरज भागली होती आणि बडोद्यावाला लग्नाला गेला होता. म्हणजे भाव ठरायचा तो त्या घटकेला फोन हातात धरून कोण बसलंय त्यावर. ते आधी कळायला काही मार्ग नव्हता. ज्यांना कळतं असं वाटायचं तेही सपाटून चुकायचे. हजारात जाणार म्हणून गाजवलेलं कार्ड साठ रुपयांत पडायचं आणि कोपरा मुडपलेल्या एखाद्या कार्डासाठी दोघं हट्टाला पेटायचे.

मग तिनं आपल्यापुरतं ठरवून टाकलं. भावाचा विचार करायचाच नाही. कार्ड मात्र आपल्या हातात असतं, ते नीट बघता येतं, तेवढं करायचं.

ती पुन्हा विकायला लागली तेव्हा प्रत्येक फोटोखाली कार्डाचे सगळे दोष लिहायची. डावा वरचा कोपरा किंचित दबलेला. पाठीवर पेनाचं टिंब. उजवी किनार डावीपेक्षा जाड. बाकीचे लोक 'झकास कंडिशन' एवढंच लिहून मोकळे व्हायचे. एकानं तर तिला विचारलंच, की ताई, तुम्ही विकताय का तक्रार करताय. पहिले काही आठवडे तिला इतरांपेक्षा कमीच पैसे आले. पण तिच्याकडून गेलेलं कार्ड कधी परत आलं नाही. होटगी रोडला दवाखाना असलेले दातांचे डॉक्टर मृत्युंजय तिच्याकडून दर आठवड्याला काही ना काही घ्यायला लागले. इतर विकणाऱ्यांकडून ते कार्डाचा व्हिडिओ मागवायचे. तिच्याकडं त्यांनी कधी मागितला नाही.

मार्च महिन्यात धुळाप्पा वागदरीला माल टाकून आला आणि सांगू लागला, की तिथं शिवलिंगप्पा नावाच्या म्हाताऱ्याचं किराणा दुकान बंद होतंय आणि माळ्यावरनं जुना माल निघतोय. त्यात बबलगमचा एक अख्खा खोका त्यानं बघितला होता, वरनं प्लॅस्टिक गुंडाळलेला. कार्डांना मटका म्हणणाराच ती बातमी घेऊन आला होता, पण विजयमालानं ते बोलून दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती. सकाळच्या एसटीनं ती वागदरीला गेली.

शिवलिंगप्पा पंचाहत्तरी ओलांडलेले होते. कपाळावर भस्म, अंगात पांढरी बंडी. दुकानातली निम्मी फळ्यांची कपाटं रिकामी झाली होती. "बर्री, कुंदर्री," असं कानडीत या-बसा म्हणत त्यांनी तिला स्टूल पुढं केलं, आणि त्यांच्या सुनेनं, महानंदानं, पाणी आणलं. खोका समोरच होता. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा. आतलं गम दगड झालं असणार, पण पुडीपुडीत एकेक कार्ड होतं.

विजयमालानं आडपडदा न ठेवता सांगितलं की हा लिलावात विकला जाईल, मी हेच करते. किती येतील ते मात्र सांगता येत नाही. पाचशे येतील, पन्नास हजारही येतील.

म्हाताऱ्यांना हे पटेना. त्यांनी सगळा जन्म दुकानात काढला होता. विकत घ्यायला आलेल्या माणसाला भाव माहीत नाही असं कसं होईल? महानंदा म्हणाली की काय तो एक आकडा सांगा आणि घेऊन जा.

"एक आकडा पायजे तर पाच हजार देते, आत्ता हितंच," विजयमाला म्हणाली. "मग पुढं लई आलं तर ते माजं, आन बुडालं तरी माजंच. न्हाईतर निम्मं निम्मं करू. जे येईल त्यातलं निम्मं तुमचं. भाव तुमाला ठावं न्हाई, मलाबी न्हाई. कुणीच कुणाला फसवल्यालं ऱ्हायचं न्हाई."

महानंदाचा कल पाच हजारांकडं होता, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. शिवलिंगप्पांनी खोका हातात घेऊन जरा वेळ उलटसुलट केला.

"सगळं आयुष्य छापलेल्या किमतीनं विकलं की," ते म्हणाले. "एकदा न छापलेल्या किमतीनं विकून बघू. निम्मं."

खोक्याचा फोटो ग्रुपवर पडला आणि दोन दिवस विजयमालाचा फोन थांबेना. लिलाव रविवारी सकाळी अकराला बंद होणार होता. बुधवारी पुण्याच्या एकानं फोन करून सांगितलं की लिलाव मागं घ्या, मी सरळ पंचेचाळीस हजार देतो. खोका कधीच उघडलेला नाही एवढं मात्र लिहून द्या. तिनं उद्या सांगते म्हटलं. धुळाप्पानं त्या दिवशी दोनदा हिशोब विचारला, निम्मे किती होतात म्हणून.

गुरुवारी सकाळी तिनं खोका खिडकीजवळ नेला. लिहून द्यायचं तर आधी बघायला हवं. कारखान्यातल्यासारखेच दोन्ही तळहात त्यावरनं फिरवले. वरची बाजू गुळगुळीत होती. तळाशी एका जागी प्लॅस्टिक बोटाला जाड लागलं. उजेडात तिरका धरला तर एका जोडावर दुसरा जोड दिसला, केसाएवढ्या अंतरावर. गमच्या कारखान्यातनं निघालेल्या खोक्याला एकच जोड असतो. हा कुणीतरी एकदा उघडून पुन्हा चिकटवला होता.

तिनं वागदरीला फोन लावला. शिवलिंगप्पांना जरा वेळानं आठवलं. माळ्यावर मुंग्या झाल्या होत्या, तेव्हा त्यांच्या बायकोनं खोका उघडून बघितला होता आणि गरम इस्त्री फिरवून प्लॅस्टिक परत चिकटवलं होतं. बायकोला जाऊन आता अकरा वर्षं झाली होती. तिनं आतलं काही काढलं नसणार, पण शपथ घेऊन सांगता यायचं नाही, असं ते म्हणाले.

विजयमालानं पुण्याच्या माणसाला हे जसंच्या तसं सांगितलं. त्यानं फोन ठेवून दिला. मग तिनं त्या जोडाचा जवळून फोटो काढला आणि मुंग्यांच्या गोष्टीसकट ग्रुपवर टाकला.

धुळाप्पा टेम्पो धुवत होता. हातातला फडका तसाच ठेवून तो आत आला.

"कुणाला दिसलं असतं ते?" त्यानं विचारलं.

"मला दिसलं की."

"पंचेचाळीस हजार व्हते, विजू."

"व्हते. खरं बंद असता खोका तर. पण न्हाई ना." ती शांतच होती. "एकुणीस वर्सं मी सेकंडचा माल फर्स्टमदी जाऊ दिला न्हाई. आज कशाला जाऊ देऊ?"

त्या दिवशी तो न जेवता फेरीला गेला, आणि ते तिला लागलं. नंतरही तिनं तो फोटो काढून टाकला नाही.

रविवारी दोघंही फोनसमोर बसले. साडेदहाला बोली बत्तीसशेवर अडकली होती. धुळाप्पा उठून दारात गेला. निम्मे म्हणजे दोन्हीकडं सोळाशेच, आणि वागदरीला तर तिनं पाच हजार रोख द्यायची तयारी दाखवली होती. विजयमालानं चहा टाकला. अकराला सात मिनिटं कमी असताना कोल्हापूरच्या एकानं चार हजार लिहिले. लगेच डॉक्टर मृत्युंजय यांनी पाच केले. मग चहा उतू जाईपर्यंत ते दोघंच खेळत राहिले. अकराच्या ठोक्याला डॉक्टरांचे सोळा हजार वर होते.

संध्याकाळी डॉक्टर स्वतःच खोका न्यायला कुंभारीला आले. पंचेचाळिशीचे, मृदू बोलणारे गृहस्थ. विजयमालानं त्यांना विचारलंच, की उघडलेल्या खोक्याला एवढे पैसे का दिलेत?

"तुम्ही सांगितलंत म्हणून," डॉक्टर म्हणाले. "कधीच न उघडलेले म्हणून मी तीन खोके घेतले. त्यातल्या दोनांत आधीच कुणीतरी चांगली कार्डं बदललेली निघाली. हा मुंग्या बघायला उघडला होता, एवढं तरी मला पक्कं माहीत आहे."

खोका मांडीवर घेऊन ते चहा प्यायले. जाताना उंबऱ्याशी थांबून त्यांनी विचारलं, की माझ्याकडं दोन हजार कार्डं आहेत, ती तुम्ही तपासून द्याल का? प्रत्येकाचे दोष लिहून? पैसे काय घ्याल ते घ्या.

विजयमालाला विचार करावा लागला नाही. एका कार्डाला तीस रुपये, ती म्हणाली. कार्ड नव्वदचं असो नाहीतर नव्वद हजारांचं, तीसच.

दुसऱ्या दिवशी आठ हजार घेऊन ती वागदरीला गेली. पुण्याच्या माणसाची गोष्टही तिनं लपवली नाही. पंचेचाळीस हजार ऐकून महानंदाचा चेहरा उतरला. शिवलिंगप्पांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"मी असतो तर सांगितलं नसतं," ते म्हणाले. जराशानं त्यांचं त्यांनाच हसू आलं. "आन माझी बायको असती तर तिनं सांगितलंच असतं. साखरेत मुंग्या निघाल्या म्हणून गिऱ्हाइकाला पैसे परत करणारी बाई ती." पैसे त्यांनी न मोजता महानंदाच्या हातात दिले, आणि विजयमालाला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

डॉक्टरांची कार्डं तपासायला तिला अडीच महिने लागले. ती यादी ग्रुपवर फिरली आणि नागपूर, बेळगाव, ठाणे अशा ठिकाणांहून विचारणा यायला लागली. कार्ड कितीला जाईल असं कुणी विचारलं तर ती सरळ सांगायची, की ते मला कळत नाही आणि ज्याला कळतं असं तो म्हणेल त्याच्यापासून जपून राहा. पावसाळ्यात कारखाना पुन्हा सहा दिवस चालू झाला. सुपरवायझरनं तिला पूर्ण वेळ यायला सांगितलं. चारच दिवस येईन, ती म्हणाली. नव्या मुलींना शिकवायला तिच्यासारखी दुसरी नव्हती, म्हणून त्यानं ते कबूल केलं. धुळाप्पा आता येताजाता कुरिअरच्या ऑफिसातनं तिची पार्सलं आणायचा आणि बायको काय करते असं कुणी विचारलं तर लांबण लावून सांगायचा.

नागपूरच्या एका बँकवाल्यानं शंभर कार्डं पाठवली. त्यात त्याचं सगळ्यात लाडकं, हजारो रुपये मोजून घेतलेलं एक कार्ड होतं. विजयमालानं त्याची कड बोटावरनं फिरवली आणि लिहिलं, की चारही बाजू पात्यानं कापून सरळ केल्या आहेत, हे कार्ड मुळात याहून अर्धा मिलिमीटर मोठं होतं. यादी गेली. चार दिवस फोन नाही, निरोप नाही. पाचव्या दिवशी त्याच्याकडून दुसरं पार्सल आलं, तीनशे कार्डांचं, आणि आत चिठ्ठी होती: एकही दोष सोडू नका.

गुरुवार होता. विजयमालानं हात धुऊन कोरडे केले आणि पहिला गठ्ठा सोडला.