मेघनाने न केलेली सही

मित्रांनो, लासुर्ण्याजवळच्या एका कॉलेजातली मी जुनी भिंत. कुंडलिक गवंड्याने ओळंबा लावून मला उभी केली, तेव्हा बघणारे म्हणाले, "सरळ हाय, बरं का!" तेवढंच कौतुक. मग पोपडे सुटले, ओल चढली, कुणी ढुंकून पाहिलं नाही.

एके वर्षी रोहिणी मॅडम तत्त्वज्ञान शिकवायला आल्या. वर्गात पोरं तीन.

"दोनशे वर्षांपूर्वी जर्मनीत एक मास्तर सांगायचे," त्या म्हणाल्या, "त्या भिंतीचा विचार करा."

तिघांनी माझ्याकडे टक लावली. मी अंग चोरलं.

"आता भिंतीचा विचार कोण करतंय, त्याचा विचार करा."

अंथुर्ण्याची मेघना गोंधळली. "मॅडम, ती इचार करणारी बघाया गेलं की मागं सरकती. घावतच न्हाय."

"कशी घावेल? 'मी' ही भिंतीसारखी वस्तू नाही. 'मी' म्हणजे करणं. तू विचार करतेस, ठरवतेस, त्यातच तुझा 'मी' उभा राहतो."

मला जरा लागलं. पण पटलं.

पोरं कमी म्हणून दिवाळीनंतर तो विषय बंद करायचं ठरलं. प्राचार्यांनी छापील अर्ज आणले, 'मी स्वखुशीने विषय बदलत आहे.' दोघांनी मुकाट सह्या केल्या. मेघनाने पेन खाली ठेवलं.

"सर, ह्यो 'मी' तुमी लिवलाय. माझी खुशी मला कुणी इचारलीच न्हाय."

तिच्या वडिलांना बोलावणं गेलं. रामभाऊ कारखान्यातली ड्यूटी संपवून तसेच आले.

"रामभाऊ, पोरीला समजवा. ह्यानं पोट भरणार आहे का?"

रामभाऊंनी अर्ज दोनदा वाचला. "पोरगी न्हाय म्हणती, कागद व्हय म्हणतोय. सर, मी पोरीला खोटं बोलाया शिकवलं न्हाय. आज बी शिकवणार न्हाय."

सही नाही, म्हणून विषय मध्येच बंद करता येईना. वर्ष संपेपर्यंत एकट्या मेघनासाठी वर्ग भरला. पेपर लिहिताना ती मध्येच मान वर करून माझ्याकडे बघायची आणि पुन्हा लिहू लागायची.

पुढच्या वर्षी विषय गेलाच. मेघना सध्या पुण्याला तत्त्वज्ञानात एम.ए. करते. माझ्यापुढे आता मोडकी बाकं रचलीत. मला पाडायचं घाटतंय म्हणे. पाडू द्या! नवी भिंत महिन्याभरात उभी राहील.

मित्रांनो, तुमच्या 'मी'चं तसं नाही. त्याला जपा. कुणी तो तुमच्या नावाने आयता लिहून आणला, तर त्याच्या डोळ्यांत बघा आणि सरळ 'न्हाय' म्हणा.