सिसिलियेचा चेहरा

चित्रकाराने कुंचला खाली ठेवला, स्टुलाजवळ येऊन थोरलीची हनुवटी दोन बोटांनी वर उचलली आणि म्हणाला, "बाई, तोंड मिटा. परत गुणगुणताय."

"सवय हो. संगीताची संत, आणि गप्प बसायचं म्हणजे काय!"

"चित्रातली संत सिसिलिया गात नाही. वाद्य हातात असतं, पण लक्ष वर. ती वरचं गाणं ऐकते. तुम्हीही नुसतं ऐका."

थोरलीने ओठ मिटले. मांडीवर लाकडाचा खोटा ऑर्गन, खांद्यावर निळी शाल, मान वर. चर्चला लागून असलेल्या सामानाच्या खोलीत दर रविवारी दुपारी ती अशी बसायची. मान अवघडायची, पाठीला रग लागायची, पण तक्रार म्हणून नाही. लहानपणापासून सिसिलियेपुढे मेणबत्ती लावून तिने गळा मागितला होता आणि तो मिळालाही होता. सिसिलियेच्या सणाला मिस्सेची प्रार्थना संपताना एकटीने म्हणायचं गाणं तिचंच. ते दुसऱ्या कुणी म्हणावं, असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. यंदा त्याच दिवशी नवं चित्र लागणार होतं, आणि चित्रात चेहरा तिचा!

नाव सुचवलं होतं धाकट्या बहिणीने. चर्चचा गायकवृंद, क्वायर, आता धाकटी सांभाळायची. तिला पहिला सूर शिकवला होता तो थोरलीनेच, शेजारी बसवून, चुकली की पाठीत धपाटा घालून.

"ताई, अख्ख्या चर्चमध्ये तुझ्यासारखा चेहरा आहे का कुणाचा?" धाकटी म्हणाली होती. "तालमीचं टेन्शन घेऊ नकोस. तुझं गाणं तुला झोपेतही पाठ आहे."

झालं, थोरली चढली हरभऱ्याच्या झाडावर. वय झालं म्हणून माणूस चढायचं थांबतं थोडंच!

चित्रकार मात्र कुणाची स्तुती करणाऱ्यातला नव्हता. शाल झाली, हात झाले, ऑर्गन झाला, चेहरा काही होईना. रंगवायचा आणि खरवडायचा, हेच चाललं होतं. आजही त्याने चेहरा खरवडून टाकला.

"जमत नाही. लग्नातल्या फोटोला बसल्यासारख्या बसता तुम्ही. तोंडावर सगळं समाधानच समाधान. अहो, हिला गाणं ऐकू येतंय आणि तिथवर पोहोचता येत नाहीये. जीव कासावीस झालाय हिचा."

"मग काय करू? चिमटा काढून घेऊ?"

चित्रकाराने कुंचला ठेवला. चिंधीने हात पुसले, चर्चच्या बाजूचं दार उघडलं आणि म्हणाला, "कोण गातंय सांगा."

थोरलीने कान दिला. तिकडे तालीम चालली होती आणि एकच आवाज होता. गाणं तिचं होतं, गात धाकटी होती.

"बहीण माझी," थोरली कौतुकाने म्हणाली. "मी इथे अडकलेय ना, म्हणून माझ्या जागी गातेय. बाकीच्यांना थांबायचं कुठे ते कळायला नको का?"

"सणालाही तीच गाणार आहे." त्याने आवाजसुद्धा खाली आणला नाही. "मला सकाळचा उजेड हवा होता. रविवारची दुपार तुमच्या बहिणीने ठरवली. म्हणाली, ताईला तालमीच्या वेळी गुंतवून ठेवा. वरच्या सुराला आवाज फाटतो तिचा, लोक माना खाली घालून हसतात. तोंडावर कोण सांगणार? म्हणाली, देव्हाऱ्यात बसवली की खूश राहील."

 थोरली उठायला गेली.

"हलू नका! वर बघा. हं, अस्संच."

आणि ती खरंच हलली नाही. कारण पलीकडे धाकटी त्या वरच्या सुरापाशी आली होती. फाट, मेले, फाट, असं थोरली मनात म्हणाली. धाकटीने सूर सहज घेतला, स्वच्छ घेतला, आणि हवा तेवढा वेळ धरून ठेवला. थोरलीला असा सूर तरुणपणीही लागला नव्हता. तिचे डोळे भरून वाहू लागले. चित्रकाराने रुमाल दिला नाही. तो भराभर रंगवत होता.

काम आटोपल्यावर तो कुंचले धुऊ लागला. "पुढच्या रविवारी यायला नको."

"मुद्दाम सांगितलंत ना?"

"हो."

"लाज नाही वाटत?"

"आधी चित्र बघा."

थोरलीने बघितलं. तिला शिवी द्यायची होती, पण चित्र इतकं सुंदर उतरलं होतं की शिवीऐवजी तिने कपाळाला हात लावून क्रूसाची खूण केली.

घरी ती धाकटीशी भांडली नाही. दुसऱ्या दिवशी तडक फादरकडे गेली.

"फादर, एक मागणं आहे. चित्र क्वायरच्या मागे लावणार आहात ना? तिथे गाणाऱ्यांची पाठ होते सिसिलियेकडे. त्यापेक्षा समोरच्या भिंतीवर लावा. गाताना नजर वर केली की ती दिसली पाहिजे."

फादरना तिच्या भक्तीचं फार कौतुक वाटलं. त्यांनी लगेच सुताराला बोलावणं धाडलं.

सणाच्या सकाळी धाकटीने तिला पहिल्या बाकावर नेऊन बसवलं. "ताई, आज तू मानाची पाहुणी. आज तू गायचं नाहीस, नुसतं बसायचं."

"बरं," थोरली म्हणाली.

पडदा ओढला तशा अख्ख्या चर्चच्या माना वर झाल्या. "काय ती भक्ती!" मागची म्हातारी पुटपुटली. बायकांनी डोळे टिपले.

मिस्सा संपत आली. धाकटी पुढे आली आणि गाऊ लागली. सुरुवात सुरेख झाली. मग वरच्या सुरासाठी तिने मान उचलली आणि चित्र तिच्या समोर आलं. लोकांना तिथे संत दिसत होती. धाकटीला ताई दिसली. आई गेली तेव्हा अंथरुणाच्या पलीकडून ताईचा जो चेहरा तिने पाहिला होता, तोच भिंतीवरून तिच्याकडे... नाही, तिच्याकडेही नाही, तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत होता.

सूर चिरकला. धाकटीने ओळ पुन्हा धरली. पुन्हा तिथेच चिरकला. मागे कुणीतरी खोकल्याचं निमित्त करून हसलं.

थोरलीला बरं वाटलं. अगदी आतून गार वाटलं, आणि त्याची तिला लाजही वाटली नाही.

मिस्सा सुटल्यावर दारापाशी धाकटीने तिचं मनगट घट्ट पकडलं. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"तू मुद्दाम समोर लावायला लावलंस."

"हो."

"ताई, दर रविवारी मी तिथे उभी राहते गं. फादरना सांग. काढायला लाव ते."

थोरलीने मनगट सोडवून घेतलं, शाल सारखी केली. आत भिंतीजवळ गर्दी जमली होती.

"आता कसं काढणार?" ती म्हणाली. "बघ ना, लोक गुडघे टेकताहेत."

धाकटीने तिकडे पाहिलं नाही.